लाल कोटाची दुमड

१

रफूवालीच्या घरात सकाळी तीन गोष्टी ठरलेल्या: दूध उतू जायचं, गोटी रुसायची आणि एक मोजा सापडायचा नाही. एवढं पार पडलं की दिवस उजाडला म्हणायचं, मग सूर्य उगवो न उगवो.

गोटी ही तिची लेक, वय अडीच. कागदावरचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण पोरगी चालायला लागली ती थेट घरंगळायलाच लागली. हातातून सुटली की पलंगाखाली, जिन्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली. म्हणून गोटी. बाप ट्रक चालवायचा. महिन्यातले चार दिवस घरात, बाकीचे फोनमध्ये. फोनमधल्या बापाला गोटी रोज न चुकता बिस्कीट भरवायची, त्यामुळे त्या फोनचा आवाज अलीकडे जरा बसला होता.

आई रफू करायची. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत फाटका कोट, जळकी पँट, उंदराने चाखलेली शाल काहीही आलं की ते हिच्याकडे. बाई डावखुरी. शिवणाच्या वर्गात मास्तरीणबाईंनी पट्टीने बोटं सुजवली, पण डावा हात काही उजवा झाला नाही. हट्टाला पेटून आणखीच डावा झाला. तिचं रफू सगळ्या जगाच्या उलट चालायचं आणि शेवटी दोरा डावीकडे दोनदा वळून, गाठ न दाखवता, मुका बसायचा. लाँड्रीवाल्या काकू म्हणायच्या, "तुझं रफू म्हणजे अंगठा आहे गं. हजारात टाकलं तरी ओळखू येईल."

पानगळीचे दिवस होते. सकाळी लाँड्रीत गाठोडं टाकायचं, येताना बागेतून यायचं, असा मायलेकींचा नेम. बाग म्हणजे फार काही नाही. दोन झोके, एक घसरगुंडी, म्हाताऱ्यांनी बसून बसून चकचकीत केलेली बाकं. पण या दिवसांत तिथे पानांचे ढीग लागत. झाडूमामा पहाटेपासून झाडून झाडून कंबरेइतके ढीग करायचे आणि गोटी ते दहा मिनिटांत परत सगळ्या बागेला वाटून टाकायची.

"या, आल्या मालकीणबाई," मामा म्हणायचे. "मी उगाच झाडतो. तुम्हीच सांगा कुठं कुठं पसरायचंय, मी थेट तिथंच टाकतो."

गोटी म्हणायची, "तिते!" आणि उडी मारायची.

या उड्यांमध्ये गोटीचं रोज काहीतरी हरवायचं. त्याचीही सोय होती. बागेला लोखंडी कुंपण होतं, भाल्यासारख्या टोकांचं. झाडताना मामांना जे काही सापडेल ते ते या टोकांना अडकवून ठेवत. टोपी, हातमोजा, एकदा तर कुणाची कवळी होती. ती आठवडाभर तिथे हसत बसली होती. नियम एकच, मामांनीच केलेला: आपलं असेल ते न्यावं, नसेल ते परत अडकवावं.

सोमवारी गोटीचा पिवळा मोजा हरवला. आदल्या दिवशीच घेतलेला, लेबलाचा डिंकसुद्धा गेला नव्हता. मंगळवारी तो कुंपणावर होता. रफूवालीने काढला, झटकला, गोटीच्या पायात चढवायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

मोज्याला रफू केलेलं होतं.

२

आता बाईमाणसाची चीज कुणी चोरली तर राग येतो, फाडली तर राग येतो. पण न फाटलेली चीज कुणी शिवून परत दिली, तर राग कुठल्या कप्प्यातून काढायचा? रफूवालीला कप्पा सापडेना, पण राग मात्र भरपूर होता.

"मामा, याला हात कुणी लावला?"

"मी. टोकाला काय तोंडानं अडकवू?"

"तसा नाही. शिवलाय कुणीतरी."

मामांनी मोजा नाकाशी नेला, लांब नेला, परत नाकाशी नेला. "चांगलं शिवलंय की. फुकट काम झालं. तुमच्या जागी मी असतो तर पँटसुद्धा अडकवली असती."

"नवा मोजा होता हो! आंघोळ करून आलेल्या माणसाचं तोंड परत कुणी धुतं का?"

"माझी बायको धुते," मामा म्हणाले आणि झाडायला लागले.

घरी येऊन ती खिडकीत बसली. रफू टाचेला नव्हतं, अंगठ्यालाही नव्हतं. मोजे तिथे फाटतात, कारण तिथे पाय असतो. हे होतं वरच्या काठाला. दोन बारीक भोकं, मुगाएवढी, कडा कुरतडलेल्या. असली भोकं चालून पडत नाहीत. कपडा बंद पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिला आणि त्याला कसर लागली, की पडतात. रविवारी घेतलेल्या मोज्याला कसर!

त्यावरचं रफू उलट चाललेलं होतं. दोरा शेवटी डावीकडे दोनदा वळून मुका बसला होता.

तिने फोन केला. नवरा कुठल्यातरी घाटात होता.

"तूच केलं असशील," तो म्हणाला.

"मी? कधी?"

"झोपेत. तू झोपेत माझ्या मिशीला पण टाका घालशील एखाद दिवशी."

"मी चेष्टा करत नाहीये."

"बरं, मग सांग. तुझ्यासारखं रफू कोण करतं?"

"कोणीच नाही."

"झालं तर मग," नवरा म्हणाला. पुरुषांना कुठलीही गोष्ट 'झालं तर मग' म्हटली की मिटली असं वाटतं. गोटीने फोनला बिस्कीट भरवलं आणि घाट तुटला.

तिने स्वतःला समजावलं. गाठोड्यातल्या कपड्यांबरोबर मोजा गेला असेल, रात्रीच्या झापडीत हातून शिवला गेला असेल. दुकानदारानेच पडून राहिलेला जुना माल गळ्यात मारला असेल. कारणं सुचत होती, एकाला झाकावं तर दुसरं उघडं पडत होतं. ती मोज्यावर चिडली, दुकानदारावर चिडली, नवऱ्यावर तर नेहमीचीच चिडली होती. घाबरली मात्र नाही. घाबरायला माणसाला थोडी फुरसत लागते, आणि अडीच वर्षांच्या पोरीच्या आईला ती कुठली.

३

गुरुवारी लाल कोट राहिला.

कोट तिने स्वतः शिवला होता. जाड लोकरी कापड, लाँड्रीत कुणीतरी विसरलेल्या ओव्हरकोटातून काढलेलं. वाढत्या अंगाचा शिवलेला. बाह्या चार बोटं आत दुमडून टाके घातलेले, घेर पाच बोटं. पोरगी वाढेल तसं एकेक बोट उसवायचं, कोट पाच-सहा वर्षं जायला हवा असा हिशेब. वरचं बटण गोटी चघळायची. चघळून चघळून त्याच्या कडेला उंदराने खाल्ल्यासारखे दात उमटले होते.

झोक्यावर ऊन लागलं म्हणून काढला आणि तिथेच राहिला. शुक्रवारी सकाळी तो कुंपणावर वाट बघत होता.

लांबूनच तिला काहीतरी खटकलं. कोट लोंबत होता जरा जास्तच. जवळ गेली. बाह्या पूर्ण सोडलेल्या. घेर पूर्ण सोडलेला. दुमड उसवली की कापडावर रेघ राहते, कितीही इस्त्री फिरवा. बाहीवर अशा रेघा चार होत्या, एकीखाली एक, बोटाबोटाच्या अंतराने. वरची रेघ जुनी, जवळजवळ विरलेली. खालची त्यामानाने ताजी.

म्हणजे कोट एकदम सोडला नव्हता. बेताबेताने, एकेक बोट, वर्षाला एक. जशी ती स्वतः सोडणार होती.

"माझ्या लेकीचा कोट कोण वाढवतंय?" ती कुंपणापाशी उभी राहून ओरडली. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले. एक म्हणाला, "बाई, वाढवतंय ते बरं. आमचे कपडे धुताना आटतात." दुसरा ठसका लागेपर्यंत हसला.

गोटीने कोटाच्या बाहीत हात घातला. बोटं काही बाहेर आली नाहीत. बाही पुढे रिकामी लोंबली. "मोता," गोटी म्हणाली. मोठा.

"काढ तो," रफूवाली म्हणाली. "काढ म्हणते ना!" आणि तिच्या आवाजाने गोटीचा ओठ बाहेर आला.

४

लाँड्रीवाल्या काकूंची एक खासियत होती. कुठलाही डाग बघून त्या सांगायच्या की तो कधी पडला, कुठे पडला आणि नवऱ्यापासून का लपवला. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, जीभ मात्र मोकळी. त्यांनी कोट दिव्याखाली उलटा केला.

"काम तुझंच आहे."

"माझं नाही, काकू."

"बाई गं, माझी पन्नास वर्षं कपड्यांत गेली. हे टाके तुझे, हे उसवणंही तुझं. दोरा कापताना तू दाताने तोडतेस ना? हे बघ."

"मी काल शिवलेला कोट आज चार वर्षं जुना कसा होईल?"

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "किती तास झोपतेस?"

झालं. कपड्याबद्दल विचारायला गेली तर झोपेबद्दल ऐकून आली. रफूवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने काही वेगळं बघितलं की आधी तिची झोप मोजतात, मग जेवण, मग नवरा घरी किती दिवस असतो ते. ती बघते काय, ते कुणी बघत नाही.

"तुम्ही कोट बघा, मला नका बघू!"

मग काकूंनी खरंच बघितला. त्यांनी कोपरावर अंगठा फिरवला. बगल बघितली. कॉलरची आतली बाजू बघितली, नाकाला लावली.

"चार वर्षं सोडत आणलाय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी धुतलाय, इस्त्री केलीय. पण..."

"पण काय?"

"घातला नाही कुणी. कोपर बघ, फुगलेलं नाही. कॉलर मळलेली नाही. बटणावर दात आहेत तेवढेच, जुने. यात मूल राहिलेलंच नाही गं. नुसता वाढवलाय."

त्यांनी कोट झटकन घडी करून तिच्याकडे सरकवला, गरम इस्त्री सरकवावी तसा. "घेऊन जा बाई हा. गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे."

रस्त्यात रफूवालीला मोजा आठवला. पेटीत पडून पडून कसर लागलेला, तरी रफू करून ठेवलेला. एकच मोजा. जो पाय त्यात जायचा तो गेलाच नाही, पण काठ नीट ठेवलेला. असं कोण करतं, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तीच करते. तिने गोटीचा हात इतका दाबला की पोरगी "आऊ" म्हणाली.

५

दुसरी एखादी असती तर बागेचा रस्ताच सोडला असता. पण रागावलेल्या माणसाला रस्ता सोडणं म्हणजे हार वाटते, आणि ही तर पट्टीने बोटं सुजली तरी न हरलेली. तिने एक कागद घेतला आणि डाव्या हाताच्या मागे झुकलेल्या अक्षरात लिहिलं:

'हा कोट आमचा नाही. आमच्या कपड्यांना हात लावायचं कारण नाही. लेकुरवाळीशी असले खेळ खेळतेस, लाज वाटत नाही?'

कागद कोटाला टाचला, कोट कुंपणाला अडकवला. गोटी त्या वेळी मामांच्या ढकलगाडीत बसून मामांनाच ढकलायचे हुकूम देत होती.

"पत्रव्यवहार सुरू केलात काय?" मामा म्हणाले. "पत्ता घाला. नाहीतर टपाल मला येईल आणि मला वाचता येत नाही."

"मामा, रोज सकाळी हे तुम्हीच अडकवता ना?"

"खाली पडलेलं असतं ते मी अडकवतो." मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तुमचा कोट मात्र आधीच अडकवलेला होता. मला वाटलं तुम्हीच लावून गेलात."

शनिवारी कोट तिथेच होता. कागदही तोच. पण उलटा टाचलेला. कोऱ्या बाजूला पाच शब्द, मागे झुकलेल्या अक्षरात:

'लाज तुला. हात तू सोडलास.'

तिने वाचलं. परत वाचलं. कागद पिवळा पडला होता, आणि कालची तिचीच शाई पाठीमागून फिकी दिसत होती, फार दिवस उन्हात राहिल्यासारखी.

तिच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण काटा आला आणि त्याच्या पाठोपाठ असा काही संताप आला की काट्याला बसायला जागा उरली नाही. हात सोडलास! कुणी? दिवसरात्र जिच्या कडेवर पोर, जी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करते, जिच्या चहावर साय येते आणि ती साय खायलाही हात मोकळा नसतो, तिने? आणि हे सांगणार कोण, तर कुंपणावरचा कागद! जगात जो उठतो तो आईला शिकवतो. नवरा शिकवतो, काकू शिकवतात, बाकावरचे म्हातारे शिकवतात. आता अक्षरसुद्धा माझंच चोरून मला शिकवणार?

घरी जाऊन तिने नवा कागद घेतला. बोरू दाबावा तसं पेन दाबलं, कागदाला खालून फोड आले.

'मी तिचा हात एक क्षणही सोडलेला नाही. सोडणारही नाही.'

६

रविवार. अकराचं स्वच्छ ऊन. वारा होता, पण भिववणारा नाही, पोरांना आवडतो तसला. मामांची सुट्टी असल्याने ढीग कालचेच, कडेने जरा विसकटलेले. बागेत अजून कुणी नव्हतं. रफूवालीने डाव्या हाताने गोटीचा हात धरला होता. जोराचा हात तोच.

गोटीने पिवळे मोजे घातले होते आणि अंगात नवा निळा कोट. हा तिने दोन दिवसांत शिवून काढला होता. वाढत्या अंगाचा, बाह्या चार बोटं आत, घेर पाच बोटं. सवय म्हणून तसाच शिवला. शिवताना मात्र बोटांना बरं वाटलं नव्हतं.

लाल कोट कुंपणावर हलत होता. तिने खिशातून कागद काढला, उजव्या हाताने धरला. सेफ्टी पिन दातात धरली. पिन उघडायला गेली, कागद फडफडला. परत धरला. डावखुऱ्या बाईचा उजवा हात म्हणजे लग्नातला दूरचा पाहुणा. उभा राहतो, कामाला येत नाही. पिन बोटात घुसली. कागद उडून ढोपराशी अडकला.

"थांब हं गोटू," ती म्हणाली. "इथंच. या बाहीला धरून उभी राहा. घट्ट. शहाणी ना तू?"

गोटीने लाल बाही दोन्ही हातांनी धरली.

आईने डावा हात सोडवून घेतला, कागद कोटावर सपाट केला, 'एक क्षणही' या शब्दांवरून अंगठा फिरवला आणि पिन लावली. टक्.

बाही हलत होती. नुसतीच.

"गोटी?"

पानं सरसरली. अवजारांच्या खोपटापाशी मोठा ढीग होता, त्याच्या मागून गोटी हसल्याचा आवाज आला. हसू तिचंच, शेवटी उचकी लागणारं. रफूवालीचा श्वास परत आला, पण अर्धाच. कारण हसण्याच्या मागोमाग तिथे कुणीतरी बोलत होतं.

"सापडली गं बाई! कुठं होतीस तू? अं? आणि दुसरा मोजा कुठाय?"

तिने तो आवाज ओळखला. नवरा कधीकधी तिचं बोलणं फोनवर भरून ठेवून तिला ऐकवायचा आणि ती म्हणायची, 'शी, मी अशी बोलते?' तो आवाज. फक्त वापरून वापरून विरलेला.

ती धावली. ढिगाच्या पलीकडे कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं. विरळ, पांढरे केस, मानेवर तिच्यासारखीच घाईने बांधलेली गाठ. पुढे लाल काहीतरी होतं आणि डावा हात त्या लालाची बटणं लावत होता, खालून वर, जशी ती लावते. कोट तर आता मागे कुंपणावर होता. तिने मागे वळून बघितलं नाही.

"सोड!" ती ओरडली. "सोड तिला! माझी आहे ती!"

"माझीच आहे की," पाठ म्हणाली. वळली नाही. आवाजात वैर नव्हतं, राग होता. रफूवालीला पाठ असलेला राग, आठवडाभर तिने उराशी बाळगलेला. "एकदाच सोडलास ना?"

"एकदाच! पिन लावायला!"

"एकदाच पुरतं."

रफूवालीने ढिगात उडी घेतली. पानं तोंडात, डोळ्यांत, कानांत. कंबरेइतका ढीग, पण हाताला तळ लागेना. ओल्या मातीचा वास आला, मग बंद पेटीचा. मग तिच्या डाव्या हाताला मनगट लागलं. लहान, थंड. तिने सगळा जोर लावून ओढलं. पलीकडूनही कुणीतरी ओढलं, तितक्याच जोराने, तितक्याच डाव्या हाताने. हिने दात आवळले आणि हिसडा दिला.

ती पाठीवर पडली. छातीवर गोटी होती. केसांत पानं, अंगात निळा कोट, एका पायात पिवळा मोजा. रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून आईकडे बघत होती.

ढिगामागे कुणी नव्हतं.

"मिळालीस," आई म्हणाली, "मिळालीस गं माझी राणी," आणि तिला उराशी धरून उठली. तेव्हा लांब, झाडांच्या पलीकडे कुठेतरी, एक मूल रडत गेलं. मोठ्याने, आई, आई करत, शेवटी उचकी लागेपर्यंत. गोटीचं तोंड तर तिच्या खांद्यावर मिटलेलं होतं.

बागेत मुलं असतातच. रविवारी तर असतातच.

ती जवळजवळ पळत फाटकापर्यंत आली. कुंपणाचं टोक मोकळं होतं. कोटही नव्हता, कागदही नव्हता.

७

त्यानंतर वर्षभर गोटीचं काहीही हरवलं नाही.

लोकांनी फार कौतुक केलं. पोरगी कशी शांत झाली, कशी हात धरून चालते, रस्त्याकडेच्या पानांच्या ढिगाजवळून जाते पण बघतसुद्धा नाही. बाप घरी आला की म्हणायचा, "हिला कुठल्या मिलिटरीत घातलंस?" फोनवर मात्र तो एकदा म्हणाला, "बिस्कीट नाही का आज?" गोटी फोनकडे नुसती बघत राहिली. नव्या कोटाचं वरचं बटण अजून दुकानातल्यासारखं गुळगुळीत होतं. चांगलंच आहे, बटण काय खायची वस्तू आहे?

दाराच्या चौकटीवर बाप दर खेपेला पेन्सिलीने गोटीची उंची मांडायचा. पहिली रेघ गेल्या पानगळीतली. दुसरी तिच्यावरच पडली. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या तिथेच. आता ती एक रेघ राहिली नव्हती; बोटाने चाचपली तर लाकडात खाच लागायची.

"चौकट वाकलीय," रफूवाली म्हणाली.

दवाखान्यात वजनाचा काटा तिथेच थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं काही मुलांचं असं. वाढ थांबते, मग एकदम होते. तुम्ही झोपता ना नीट?"

"तुमचा काटा बिघडलाय," रफूवाली इतक्या जोरात म्हणाली, की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. "आधी काटा दुरुस्त करा, मग माझी झोप मोजा!"

निळ्या कोटाचा एकही टाका तिने उसवला नव्हता. उसवायची वेळच आली नव्हती. चार बोटं आत, पाच बोटं आत, जसं होतं तसं.

पानं परत गळायला लागली. वर्षभर ती लांबच्या रस्त्याने जायची. एका सकाळी तिकडचा रस्ता खणलेला निघाला. हातात जड गाठोडं, दुसऱ्या हातात गोटी. ती म्हणाली, बाग काय मला खाते? आणि फाटकातून शिरली.

"अहो ताई!" झाडूमामा लांबूनच ओरडले. "कुठं गायब? ढीग नुसते जागच्या जागी पडून असतात, करमत नाही मला. आणि हे तुमचंच ना? आठवडाभर लोंबतंय."

कुंपणावर लाल कोट होता.

तिने गाठोडं खाली ठेवलं. गोटीचा हात डाव्या हातात तसाच ठेवून, उजव्या हाताने कोट काढला. कपडा वाचायला तिला दोन हात लागत नसत.

बाह्यांवर त्याच चार रेघा होत्या. पण बाही आता सोडलेली नव्हती. तीन बोटं परत आत घेतलेली, उलट्या टाक्यांनी. चौथं बोट तेवढं मोकळं. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या मापाची, नेमकी. कोपरं फुगलेली, घासून चकाकलेली. कॉलर मळलेली. खिशात बिस्किटाचा चुरा आणि एक वाळलेलं पान. वरच्या बटणाला जुन्या दातांच्या शेजारी नवे दात, अजून ओलसर.

आठवडाभर लोंबूनही कापड उबदार होतं. कुणीतरी आत्ताच काढून, झोक्यावर विसरून, उड्या मारायला गेल्यासारखं.

गोटीने वर बघितलं नाही. ती सरळ समोर बघत, सांगितल्यासारखी उभी होती.

"तुमचाच ना?" मामांनी परत विचारलं.

रफूवालीच्या मानेची शीर ताठ झाली. तिने कोट उचलला, टोकाला अडकवला, बाही सारखी केली.

"नाही हो मामा," ती म्हणाली, आणि आवाज असा चढला की मामांच्या हातातला झाडू थांबला. "किती वेळा सांगायचं लोकांना? आमचं नाही हे!"

आणि तिने तो लहानसा थंड हात, जो वर्षभरात एकदाही सुटायला धडपडला नव्हता, आणखी घट्ट धरला.